चवदार तळ्याचा दावा

निवृत्त वकिलाला भाषणाची बोलावणी येतात ती बहुधा ठरावीक तारखांना. तीन वर्षांपूर्वी वीस मार्चच्या आठवड्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात मी चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर बोललो. भाषण झालं, टाळ्या झाल्या आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, मार्चमध्ये पाणी प्यायले. मग डिसेंबरमध्ये कोर्टाचा कागद आला म्हणून पाण्याला हात न लावता परत का फिरले?"

मी म्हणालो, कायद्याचा आदर. तो खाली बसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसत होतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं. कोकणातल्या एका तालुका न्यायालयात मी एकतीस वर्षं बांध, पायवाटा आणि विहिरी यांचे दावे चालवले. विहिरीवर जायच्या वाटेसाठी भांडणाऱ्या एका विधवा बाईचा दावा मी चौदाव्या वर्षी जिंकला, तेव्हा निकाल ऐकायला तिचा पुतण्या आला होता. बाई दोन वर्षांपूर्वीच गेली होती. 'कायद्याचा आदर' हे शब्द माझ्यासारख्याने तरी इतक्या सहज वापरायला नको होते.

घरी आलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. महाडबद्दल मी चाळीस वर्षं वाचत होतो, बोलत होतो. पण महाडच्या दाव्याचं निकालपत्र मी कधी वाचलं नव्हतं. आपल्याकडे हे सर्रास होतं. २० मार्च १९२७ आणि २५ डिसेंबर १९२७, या दोन तारखांवर आपली गोष्ट संपते. त्यापुढे हेच प्रकरण जवळजवळ दहा वर्षं तीन न्यायालयांत चाललं आणि त्यात डॉ. आंबेडकर वकील म्हणून नव्हे तर प्रतिवादी म्हणून उभे होते, ही बाब चरित्रांत दोन-चार ओळींत उरकली जाते. मला आता वाटतं की त्यांची वकिली आणि त्यांचं राजकारण यांचा सांधा पाहायचा असेल, तर तो या दाव्यात पाहावा.

आधी वकिलीबद्दल थोडं. १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ च्या पावसाळ्यात मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी वकिली सुरू केली. सनदेचे पैसेही मित्र नवल भथेना यांच्याकडून घ्यावे लागले. बॅरिस्टरला काम मिळतं ते सॉलिसिटरांकडून, आणि मुंबईतले सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे फिरकत नव्हते. तेव्हा मिळेल ते मोफसलचं काम, गरीब पक्षकार, आणि जोडीला बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायद्याची शिकवणी. परळच्या दामोदर हॉलमधलं कार्यालय हे वकिलाचं होतं की कार्यकर्त्याचं, हे तिथे येणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. पण त्यांनी घेतलेले खटले पाहा. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून जेधे-जवळकरांवर झालेला खटला त्यांनी पुण्यात अपिलात लढवला आणि आरोपी सुटले. पुढे १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले तेही आंबेडकरच. तो खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. वकील म्हणून त्यांची निवड यातून दिसते: जिथे बहुमताची रूढी एका बाजूला आणि एकटा माणूस दुसऱ्या बाजूला, तिथे ते एकट्याचं वकीलपत्र घेत.

महाडच्या प्रकरणाची सुरुवात मात्र कोर्टात नाही, मुंबईच्या कायदेमंडळात झाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी तिथे एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा मजकूर. वाचकांनी ही शब्दयोजना लक्षात ठेवावी. ती पुन्हा भेटणार आहे. सप्टेंबरात सरकारने खात्यांना परिपत्रक काढलं. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला; त्यामागे सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारक होते.

आणि त्यानंतर तीन वर्षं तळ्यावर कुणी अस्पृश्य गेला नाही. जाणार कसा? ठराव म्हणजे कायदा नव्हे. ठराव मोडणाऱ्याला शिक्षा नाही, ठराव वापरणाऱ्याला संरक्षण नाही. खेड्यातून महाडच्या बाजारी आलेल्या महार-चांभाराला तहान लागली तर गावात पाणी नव्हतं. मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली तेव्हा मंडपातल्या माणसांसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. त्या काळचे चाळीस रुपये! कागदावर खुल्या झालेल्या तळ्याची गावातली खरी स्थिती या एका आकड्यात आहे.

२० मार्चला काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. परिषदेचं काम संपत आलं असताना अनंतराव चित्र्यांनी तळ्यावर जाण्याची हाक दिली, हजारो माणसं रांगेने निघाली, डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतलं आणि मग सर्वांनी. पुढे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या, जेवणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. परिषदेला आलेल्यांत पलटणीतले निवृत्त शिपाई होते. उलट मार द्यायला त्यांना वेळ लागला नसता. आंबेडकरांनी त्यांना आवरलं. फौजदारी खटला झाला आणि पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. गावाने १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य ओतून तळं शुद्ध केलं. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच दिवशी, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. तारीख मुद्दाम निवडली होती असं मला वाटत नाही, पण वाचताना टोचते.

आता डिसेंबर. पुन्हा सत्याग्रह करायचा हे जाहीर झालं होतं. 'बहिष्कृत भारत'मधून तयारी चालली होती. आणि १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयात स्पृश्यांच्या वतीने दावा दाखल झाला. मागणी अशी की तळं आमच्या मालकीचं आहे, वापर फक्त आमचा आहे, अस्पृश्यांना कायमची मनाई व्हावी. १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. दावा निकालात निघेपर्यंत डॉ. आंबेडकर व इतर प्रतिवादी आणि त्यांच्या समाजाने तळ्यावर जाऊ नये, पाणी घेऊ नये. दोन दिवसांत मनाई! माझ्या कारकिर्दीत मी मनाई हुकुमासाठी दोन-दोन महिने तारखा घेतल्या आहेत, म्हणून हा वेग नजरेत भरला.

परिषद २५ डिसेंबरला सुरू झाली. सार्वजनिक जागा कुणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. मुंबईचे लोक बोटीने दासगावला उतरून पायी महाडला आले होते. त्या रात्री गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचं दहन झालं. सत्याग्रहासाठी नावं नोंदवणाऱ्यांची संख्या चार हजारांच्या आसपास गेली. जिल्हाधिकारी स्वतः परिषदेत येऊन बोलले; हुकूम मोडू नका एवढंच त्यांचं सांगणं. आणि डॉ. आंबेडकरांनी, इतकी माणसं तुरुंगात जायला तयार असताना, सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून गेली, आणि एकाही माणसाने पाण्याला हात लावला नाही.

त्या मुलाचा प्रश्न इथला आहे. त्या वेळच्या कार्यकर्त्यांचाही तो असणार. उपाशी-तापाशी चालत आलेल्या माणसाला दिवाणी प्रक्रिया संहितेचं काय?

डॉ. आंबेडकरांनी तेव्हा दिलेल्या कारणाचा आशय असा होता की आपलं भांडण स्पृश्यांशी आहे, सरकारशी नाही. हुकूम मोडला तर ते सरकारशी होईल. राजकारण म्हणून हे बरोबरच आहे. वादींचा डाव तोच होता: समोरचा माणूस बदलायचा, आपल्या जागी न्यायाधीश आणि पोलीस उभे करायचे. पण दिवाणीत आयुष्य काढलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते. दावा लावून वादींनी आपल्या डोक्यावर केवढं ओझं घेतलं होतं! गावात जी रूढी कुणी कधी सिद्ध करायला सांगितली नव्हती, ती आता त्यांना साक्षीपुराव्याने सिद्ध करावी लागणार होती. तळं आमचं म्हणता, तर कागद दाखवा. पूर्वापार म्हणता, तर केव्हापासून ते सांगा. अस्पृश्यांना मज्जाव होता म्हणता, तर कुणाला, कधी, कुणी अडवलं? अस्पृश्यता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून उलटतपासाला सामोरी जाणार होती, आणि तिला तिथे आणलं होतं तिच्याच पक्षकारांनी. हुकूम मोडला असता तर वादी पुरावा न देताच जिंकले असते. सगळं भांडण 'न्यायालयाचा अवमान' या एका मुद्द्यावर येऊन ठेपलं असतं.

हे सगळं त्यांच्या मनात याच शब्दांत होतं असा माझा दावा नाही. पण ते वकील होते, आणि वकिलाला हे न दिसणं अशक्य आहे.

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी त्याच न्यायालयाने मनाई उठवली. दावा मात्र चालू राहिला. महाडला तिसरा सत्याग्रह झाला नाही. लढ्याचं केंद्र सरकत १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरापाशी गेलं. इकडे तारखा पडत होत्या. याच काळात डॉ. आंबेडकर मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक होते, सायमन आयोगापुढे साक्ष देत होते, गोलमेज परिषदांना लंडनला जात होते. सकाळी विद्यार्थ्यांना कायदा शिकवणारा माणूस महाडच्या कोर्टाच्या कागदांवर 'पाण्याला शिवू नये' अशी मागणी ज्याच्याविरुद्ध आहे तो प्रतिवादी होता. यातला विरोधाभास त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना जाणवला असेल कोण जाणे.

पहिला निकाल ८ जून १९३१ चा. वादींचा दावा फेटाळला गेला, पण त्यातली एक गोष्ट बोचरी होती: अस्पृश्यांना वगळून पाणी वापरण्याची जुनी रीत इथे आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. मात्र एका वर्गाने वापर केला आणि दुसऱ्याने केला नाही, एवढ्यावरून पहिल्याला कायदेशीर हक्क मिळत नाही. वादी ठाण्याला अपिलात गेले. तिथल्या सहायक न्यायाधीशांनी ३० जानेवारी १९३३ रोजी अपील फेटाळलं आणि एक पाऊल पुढे गेले: कायद्याला अभिप्रेत असलेली अनादि काळापासूनची रूढी इथे सिद्धच झालेली नाही.

मग दुसरं अपील मुंबई उच्च न्यायालयात. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल दिला. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच न्यायाधीश. एकाच माणसाच्या लेखणीखालून गांधी आणि आंबेडकर दोघांचे निकाल गेले, ही गोष्ट मला निकालपत्र हातात घेईपर्यंत माहीत नव्हती; कबूल करायला लाज वाटते.

निकालपत्र लहान आहे. भाषा कोरडी. तळं चार-पाच एकरांचं, पावसाच्या आणि काही झऱ्यांच्या पाण्याचं. भोवती नगरपालिकेचे रस्ते, पलीकडे सवर्णांची घरं, काहींचे स्वतःचे घाट. तळं निदान अडीचशे वर्षांचं, पण कुणी खोदलं याचा पुरावा नाही. नगरपालिका झाल्यावर, १८६९ च्या सुमारास, दुरुस्ती होऊन तिथे एक शिलालेख बसवला गेला, त्यात ते सार्वजनिक तळं असल्याचा उल्लेख. मालकीचा मुद्दा तर वादींनी उच्च न्यायालयात सोडूनच दिला होता. दहा वर्षांपूर्वी 'तळं आमचं' म्हणून जे कोर्टाची पायरी चढले, त्यांना शेवटी तळं नगरपालिकेचं असल्याचं अमान्य करता आलं नाही. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने ते तिच्याकडे निहित झालेलं होतं.

उरला रूढीचा प्रश्न. वादींनी देवळांच्या खटल्यांचे दाखले दिले. न्यायमूर्तींनी ते लावून घेतले नाहीत. देवळाची गोष्ट वेगळी, उघड्या निसर्गनिर्मित तळ्याची वेगळी. भोवती सवर्णांची वस्ती दाट झाल्याआधी कुणी हे पाणी स्वतःपुरतं राखून ठेवण्याचा प्रयत्न केला असेल का, याचीच त्यांना शंका वाटली. अनादि रूढी सिद्ध नाही. अपील नामंजूर.

जिंकलो. पण निकालपत्राचा शेवट वाचताना माझ्यातला वकील थबकला. न्यायालय म्हणतं, ही रूढी सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी आहे का, सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे का, याचा विचार करावा लागला असता. नगरपालिकेकडे तळं निहित झाल्याचा परिणाम काय, तेही पाहावं लागलं असतं. म्हणजे अस्पृश्यता अन्यायाची आहे असं न्यायालयाने म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की या तळ्यापुरती ती पुरेशी जुनी असल्याचं दाखवता आलं नाही. शेजारच्या गावात एखाद्याने चांगले साक्षीदार उभे केले असते तर? जुनी वहिवाट नीट सिद्ध केली असती तर? दरवाजा लावलेला होता, पण कडी घातलेली नव्हती. दहा वर्षांचा दावा लढून जिंकलेल्या प्रतिवादीच्या हाती एवढंच पडलं.

ते वर्ष त्यांच्या राजकारणातलं वळणाचं होतं. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, पुढच्या फेब्रुवारीत निवडणुका झाल्या, मार्चमध्ये हा निकाल आला आणि बरोबर सहा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, आमदार आंबेडकरांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधानसभेत मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा त्यासाठी मुंबईत आला. विधेयक तेव्हा पुढे गेलं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. पण क्रम बघण्यासारखा आहे. 'पूर्वापार' या शब्दाशी कोर्टात दहा वर्षं झगडून झाल्यावर हा माणूस तोच शब्द विधिमंडळात खोडायला निघाला. एकेका तळ्याचा, एकेका खोताचा दावा लढत बसायला एक आयुष्य पुरणार नाही, हा हिशेब त्यांनी केला असावा असं मला वाटतं.

तो हिशेब पुरा झाला ११ वर्षांनी. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने भेदभावाविरुद्धचं आणि अस्पृश्यता नष्ट करणारं अशी दोन्ही कलमं एकाच दिवशी स्वीकारली. आज ती पंधरावं आणि सतरावं म्हणून आपल्याला माहीत आहेत. पंधराव्याचं दुसरं उपकलम काढून वाचा. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेले, किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेले. बोले ठरावातली शब्दयोजना लक्षात ठेवा म्हणालो होतो, ती ही. 'राखलेले' आणि 'दिलेले' या दोन शब्दांनी मालकी कुणाची हा वादच निकालात निघतो. महाडच्या वादींनी जो मुद्दा पहिला घेतला होता तोच. आणि तेरावं कलम तर निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदाला दिलेलं उत्तर वाटतं: मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा शून्य, आणि 'कायदा' या शब्दात रूढी आणि वहिवाटही धरायच्या. आता ती रूढी किती जुनी आहे याला काही महत्त्व उरलं नाही. अडीचशे वर्षांची असो नाहीतर अडीच हजार.

संविधान एकट्याने लिहिलं जात नाही, या कलमांवरही अनेकांचा हात फिरलेला आहे, हे मला माहीत आहे. तरी मसुदा समितीच्या अध्यक्षाने चवदार तळ्याचा दावा प्रतिवादी म्हणून दहा वर्षं अंगावर वागवला होता, हे विसरून ही कलमं मला आता वाचता येत नाहीत.

गेल्या मार्चमध्ये मी महाडला जाऊन आलो. तळ्याच्या पायऱ्यांवर माणसांची रीघ होती. विदर्भातून, मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली. बाया ओंजळीत पाणी घेत होत्या, पोरांच्या डोळ्यांना लावत होत्या. पाणी हिरवट होतं. मी बराच वेळ काठाने हिंडलो.

निकालपत्राची छायाप्रत मी त्या मुलाला पाठवली होती. तो आता विधी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. महिन्याभराने त्याचा फोन आला. त्याने सगळं वाचलं होतं, पेन्सिलने खुणा करून. डिसेंबरात का थांबले ते आता पटलं म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "सर, पण १९२७ ते १९३७ या काळात महाडच्या बाजारात आलेली आमची माणसं पाणी कुठलं पीत होती?"

निकालपत्रात ते कुठे लिहिलेलं नाही, असं मी त्याला सांगितलं.